पट्टीखालचा उजेड

विनाइल फ्लोअरिंगच्या दुकानात गिऱ्हाइकाचा हात आधी नमुन्याच्या वरच्या अंगावरून फिरतो. सागाच्या रेषा, ओकच्या गाठी, सिमेंटचा करडा पोत. डोळे मिटले तर हाताला लाकूडच लागतंय असं वाटावं. मग प्रश्न सुरू होतात. स्क्वेअर फुटाला भाव काय? पाणी चालेल ना? किती वर्षं जाईल? नमुना उलटा करून खालची बाजू फारसं कुणी बघत नाही. आणि हे ज्याच्यावर बसणार, ती आमच्या घरातली फरशी कशी असायला हवी, असं तर जवळजवळ कुणीच विचारत नाही. विचारलंच, तर उत्तर तयार असतं : "काही टेन्शन घेऊ नका, आहे त्या फरशीवर डायरेक्ट बसतं."

बसतं, हे खरंच आहे. कसं बसतं, ते सहा महिन्यांनी कळतं.

गोंदाने चिकटवायचं विनाइल साधारण दोन ते तीन मिलिमीटर जाडीचं असतं. तळाला पीव्हीसीचे थर, त्यावर लाकडाचा छापील फोटो आणि सगळ्यात वर पारदर्शक संरक्षक थर. या थराला बाजारात 'वेअर लेअर' म्हणतात. घरगुती मालात तो मिलिमीटरच्या दशांशांत मोजतात. अर्धा मिलिमीटर भरला तर माल दणकट समजायचा. दुसरा प्रकार एसपीसीचा. चुनखडीची पूड आणि पीव्हीसी यांचा कडक गाभा, जाडी चार ते सहा मिलिमीटर, कडांना खाचा. एक प्लँक, म्हणजे लांबट पट्टी, दुसऱ्यात अडकवत जायचं, गोंदाचं काम नाही. पहिला प्रकार लवचीक, म्हणून खालच्या जमिनीचा प्रत्येक चढ-उतार तो निमूटपणे अंगावर घेतो. जुन्या फरशीचे सांधे काही महिन्यांत वर उमटतात, आणि खिडकीतून तिरपं ऊन आलं की छापील सागवानाच्या आत दहा इंची चौकटी दिसू लागतात. दुसरा कडक, म्हणून खालचा आकार घेत नाही. पण खाली पोकळी राहिली तर पावलागणिक दबतो, कटकट वाजतो आणि दबून दबून एक दिवस त्याची खाच तुटते. दोन्हींच्या तक्रारी वेगळ्या, कारण एकच.

पुण्यात सत्तर-ऐंशीच्या दशकांत उभ्या राहिलेल्या सोसायट्यांमध्ये सध्या नूतनीकरणाचे दिवस आहेत. मूळ मालक निवृत्त झाले, मुलं बाहेरगावी किंवा परदेशी गेली, गुडघे कुरकुरू लागले आणि हिवाळ्यात मोझॅकची फरशी पायांना गार लागू लागली. फरशी उखडायची तर आधी सोसायटीची परवानगी, मग ब्रेकरचा धडधडाट, खालच्यांच्या छताचं प्लॅस्टर निघण्याची धास्ती आणि लिफ्ट नसलेल्या जिन्यावरून गोण्यांनी उतरवायचा राडारोडा. घर रिकामं करून नातेवाइकांकडे जाऊन राहावं लागतं ते वेगळंच. फरशीवरच नवी फरशी बसवावी, तर टाइल आणि खालचा माल धरून चौरस मीटरला चाळीस-पन्नास किलो वजन वाढतं, सगळी दारं तासावी लागतात, मोरीचा उंबरा बुडतो. त्यापुढे चौरस मीटरला चार-पाच किलोचं विनाइल अगदीच सोयीचं वाटतं. वाटतं यात चूकही नाही.

अशाच एका तिसऱ्या मजल्यावरच्या घरात काम बघायला आलेला मिस्त्री नमुन्यांचं पुस्तक उघडत नाही. तो आतल्या खोलीत सहा फुटांची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आडवी टाकतो आणि मोबाइलचा टॉर्च पट्टीमागे जमिनीला टेकवून ठेवतो. मग घरच्या बाईंना हाक मारतो, "काकू, जरा इकडून वाकून बघा." पट्टीच्या दोन्ही टोकांशी अंधार असतो. मधोमध मात्र उजेडाची एक रेघ पट्टीखालून सरळ अलीकडे येते, एका बाजूला केसाएवढी, मध्ये पेन्सिलीएवढी. चाळीस वर्षं त्या फरशीवरून वावरलेल्या माणसांना तिथे खड्डा आहे हे माहीत नसतं. मिस्त्री त्या फटीत मोजपट्टी सरकवतो आणि फरशीवर पेन्सिलीने आकडे लिहीत जातो. तीन. पाच. स्वयंपाकघराच्या दाराशी सात. पट्टी उभी, आडवी, तिरपी फिरत जाते आणि तासाभरात सबंध खोलीचा नकाशा फरशीवरच तयार होतो.

"काका, तुमची फरशी त्या बाजूला उतरती आहे," असं घरमालकांना सांगून तो पुढे म्हणतो, "ढाळ असू द्या. खड्डा नको."

हा फरक बारीक आहे आणि तो कळणारा माणूस शोधूनच घ्यावा लागतो. विनाइलखालची जमीन पाणसळीत असलीच पाहिजे असं नाही. बाल्कनीकडे ढाळ दिलेल्या खोलीतही ते उत्तम बसतं. जमीन सपाट मात्र हवी. ब्रिटनमध्ये सर्वांत काटेकोर वर्गातल्या जमिनीला दोन मीटरच्या पट्टीखाली तीन मिलिमीटरपर्यंतच फरक चालतो. अमेरिकेतले उत्पादक बहुधा दहा फुटांत एका इंचाचे तीन सोळांश, म्हणजे पावणेपाच मिलिमीटर, ही मर्यादा सांगतात. पीव्हीसीची फरशी कशी अंथरावी यासाठी भारतीय मानकही आहे, आयएस ५३१८, तेही १९६९ सालचं. म्हणजे नियम आपल्याकडे नवीन नाही. नवीन आहे ते एवढंच, की हे काम आता हॉस्पिटलातून आणि ऑफिसातून उठून बिऱ्हाडात आलं आहे.

जुन्या गवंड्याला हा प्रश्नच पडत नसे. सोलापूरच्या पलीकडे, आताच्या कलबुर्गी जिल्ह्यात असलेल्या शहाबादहून फरशी येई ती वरून सपाट, खालून ओबडधोबड. एक सव्वा इंच जाड, तर शेजारची दीड. गवंडी माल पसरायचा, फरशी ठेवायचा, थापीच्या मुठीने ठोकायचा आणि दोरीला लावून बघायचा. उंच झाली तर उचलून थोडा माल काढायचा, खाली गेली तर मूठभर घालायचा. दीड-दोन इंचांच्या त्या मालात स्लॅबचे खड्डे, फरशीची कमी-जास्त जाडी, खोलीचा गेलेला गुण्या (काटकोन) असे सगळे हिशेब मिटायचे.

मोझॅकचंही तेच. मुंबईत सिधवा मंडळींनी १९२२ मध्ये भारत टाइल्सचा कारखाना काढून सिमेंटच्या लाद्यांना स्वदेशीचा मान मिळवून दिला, आणि पुढे संगमरवराच्या चुऱ्याची मोझॅक घरोघरी गेली. तिला तर दुहेरी सोय होती. मालात बसवताना एकदा लेव्हल व्हायची आणि नंतर घासाईचं मशीन फिरलं की उरलेसुरले उंचवटे दुधाळ पाण्याबरोबर वाहून जायचे. नव्या घरात राहायला जाण्याआधी ते पांढरं पाणी जिन्यापर्यंत आलेलं ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना ही घासाई आठवत असेल.

त्याच्याही मागे गेलं तर कोकणातल्या घरात पावसाळा संपल्यावर खळं करायचे, पडवीची जमीन करायचे. आधी उकरायचं, दगडगोटे वेचायचे, माती भिजवून तुडवायची, मग चोपण्याने चोपून चोपून घट्ट करायची. वाळताना पडलेल्या भेगा पुन्हा भरायच्या. हे सगळं झाल्यावर शेवटी सारवण. सारवणाचा थर विनाइलहूनही पातळ, पण त्याखाली चार दिवसांची चोपणी असे, आणि चोपणारे हात आणि सारवणारे हात एकाच घरातले असत.

विनाइलने ही दोन कामं वेगळी काढली. अंथरणाऱ्याच्या हातात आता माल नाही. खड्डा भरून काढायला त्याच्याकडे जाडीच नाही. चूक सुधारायची ती त्याच्या आधी कुणीतरी सुधारलेली असली पाहिजे. हा 'कुणीतरी' कोण, हे आपल्याकडे अजून ठरलेलं नाही. गवंडी म्हणतो, माझं काम टाइलचं. विनाइलवाला म्हणतो, मी फक्त अंथरतो, स्क्वेअर फुटावर. कंत्राटदार म्हणतो, बघू. घरमालकाला तर असं काही काम असतं हेच ठाऊक नसतं.

जमिनीपासून सुटा केलेला पातळ पृष्ठभाग गुंडाळून दुकानात विकायचा, ही कल्पना घरोघरी नेली ती विलायतेने. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक वॉल्टन या माणसाने १८६०च्या दशकात जवसाच्या तेलापासून लिनोलियम बनवलं. हवेत घट्ट झालेलं तेल, बुचाचा भुगा आणि पाठीला तागाचं कापड. ताग बंगालचा. जवसही मोठ्या प्रमाणावर हिंदुस्थानातून जाई. नागपूर-वऱ्हाडाकडचा माल मुंबई बंदरातून बोटीवर चढायचा. विदर्भातल्या शेतकऱ्याच्या पिकावरून विलायतेतली साहेबमंडळी चालत होती, असं म्हटलं तर ते फार ओढूनताणून होणार नाही.

पीव्हीसीचा जन्म त्याहून अपघाती. जर्मन रसायनतज्ज्ञ ऑयगेन बाउमान याला १८७२ मध्ये उन्हात राहिलेल्या काचेच्या भांड्यात एक पांढरा घट्ट पदार्थ सापडला. तो इतका ठिसूळ आणि हट्टी, की त्याचं काय करावं हे पन्नास वर्षं कुणाला उमजलं नाही. १९२६ मध्ये अमेरिकेतल्या बी. एफ. गुडरिच कंपनीत वाल्डो सेमन रबर धातूला चिकटवणारं द्रव्य शोधत होता. त्या खटपटीत पीव्हीसी मऊ, लवचीक करण्याची युक्ती त्याच्या हाती लागली. १९३३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात विनाइलची फरशी लोकांनी पाहिली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ती अमेरिकन घरांत शिरली. आपल्याकडे ती आधी रेल्वेच्या डब्यांत, बॅडमिंटनच्या कोर्टांवर आणि ऑपरेशन थिएटरांत आली. थिएटरात तर ती भिंतीला भिडते तिथे कोपरा न ठेवता गोलाई देऊन वर चढवतात आणि सांधे गरम हवेने वितळवून बंद करतात, म्हणजे जंतूंना बसायला फट राहत नाही. अशा ठिकाणी जमीन तयार करण्याचा खर्च अंदाजपत्रकातच धरलेला असतो. घरात तो कुणी धरत नाही.

अमेरिकेत या कामाचा धर्म वेगळा आहे. तिथे घराचा सांगाडाच लाकडी. ठरावीक अंतरावरच्या तुळयांवर प्लायवुड ठोकून जमीन केलेली. न्यू जर्सीत किंवा इलिनॉयमध्ये जुनं घर घेणारी मराठी कुटुंबं शनिवार-रविवारी गुडघ्यांवर बसून हे काम स्वतः करतात, कारण मजुरी परवडत नाही. त्यांची जमीन आधी कुरकुरते. मग करकर वाजणारी जागा शोधून प्लायवुड तुळईला स्क्रूने आवळायचं, सुजलेले सांधे घासायचे, खिळ्यांची डोकी आत घालायची. १९८०च्या आधीच्या घरात नऊ इंची जुन्या टाइल्स निघाल्या, तर मात्र हात आवरायचा. त्यांत आणि त्याखालच्या काळ्या गोंदात अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. तो घासला-खरवडला की धूळ फुप्फुसांत जाते. टाइल्स धड असतील तर त्या न हलवता वरून झाकणं हाच तिथला शहाणपणाचा मार्ग समजतात.

गंमत अशी, की पुण्या-मुंबईतली मंडळी हे काम शिकतात ती त्याच लोकांच्या व्हिडिओंवरून. पडद्यावर चार तासांत खोली होते, प्लँक टकाटक अडकतात, शेवटी कुत्रा येऊन नव्या जमिनीवर लोळतो. पण त्या व्हिडिओतली जमीन कोरड्या प्लायवुडची असते. आपली जमीन काँक्रीटची, चार दशकं रोज ओल्या फडक्याने पुसलेली, ओट्यापाशी फोडणीचं तेल प्यायलेली आणि दिवाळी आली की मेण लावून चकाकवलेली. मेणाच्या पॉलिशवर प्रायमर धरत नाही. प्रायमर धरला नाही तर त्यावर ओतलेला, खड्डे भरून जमीन सपाट करणारा लेव्हलिंगचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. म्हणून आपल्याकडची पहिली पायरी घासाईची : चकचकीत फरशी मुद्दाम खरबरीत करायची. घरमालकाला हे बघवत नाही. पण त्याला इलाज नाही.

घासाईआधी ठोकून बघणंही आलं. मिस्त्री लाकडी दांडक्याने एकेक लादी ठोकत जातो. घट्ट बसलेली लादी खणखणते, खालून सुटलेली बद्द वाजते. बद्द वाजणारी प्रत्येक लादी उचलून पुन्हा बसवायची, नाहीतर तिच्यावरचा थर तडकणार. इथे घाई करणारे कंत्राटदार दोन उद्योग करतात. एक तर बद्द लादी तशीच झाकतात. दुसरं, खड्डा भिंतीच्या पुट्टीने किंवा पीओपीने भरून टाकतात. भिंतीवर कुणी चालत नाही, म्हणून पुट्टी तिथे टिकते. जमिनीवर कपाटाचा पाय पडला की तिची पूड होते, आणि पीओपी ओल लागताच भुसभुशीत होतं.

मग ओल. विनाइलच्या खोक्यावर 'शंभर टक्के वॉटरप्रूफ' असं छापलेलं असतं आणि ते खोटं नाही. प्लँकला पाण्याने काही होत नाही. पण वरचं पाणी खाली जाऊ न देणारा थर खालचं पाणीही वर येऊ देत नाही. तळमजल्याच्या जुन्या घरात जमिनीखाली ओलावा अडवणारा थर बहुधा नसतो, आणि मातीतली ओल काँक्रीटमधून हळूहळू वर चढत असते. उघड्या फरशीतून ती रोज हवेत उडून जाते, म्हणून कधी दिसत नाही. विनाइल अंथरलं की तिची वाट बंद. सिमेंटमधून आलेली ही ओल अल्कधर्मी असते. गोंद हळूहळू सोडवते, सांध्यांतून चिकट काळपट रस वर येतो, कोपरे उचलतात आणि खोलीला कोंदट वास धरतो. वरच्या मजल्यांवर मातीची ओल नाही, पण संडास-बाथरूमचा खोलगट स्लॅब असतो. त्यात भरलेला विटांच्या तुकड्यांचा कोबा वर्षानुवर्षं पाणी धरून ठेवतो आणि ते शेजारच्या बेडरूमच्या फरशीखाली झिरपतं.

याची परीक्षा अगदी स्वस्त आहे. दीड फूट लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा फरशीवर ठेवायचा, चारी कडा टेपने घट्ट चिकटवायच्या आणि निदान रात्रभर, सोळा तास तरी, तसाच सोडायचा. सकाळी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब दिसले, किंवा तेवढीच फरशी गडद झाली, तर पाणी खालून येतंय. थेंब प्लास्टिकच्या वर असले तर तो हवेतला दमटपणा. मुंबईत जून-जुलैत लादीला घाम येतो तो हाच. पहिल्या प्रकारात काम थांबवून आधी गळती शोधायची. दुसऱ्यात पाऊस सरेपर्यंत थांबलं तरी पुरतं. ही चाचणी 'ओल आहे' एवढं सांगते, किती आहे ते सांगत नाही. त्यासाठी काँक्रीटमध्ये भोक पाडून आतली आर्द्रता मोजणारी यंत्रं असतात, आणि विनाइलसाठी ७५ टक्क्यांच्या आसपासची मर्यादा बऱ्याच ठिकाणी पाळतात. नवा कोबा केला असेल तर विलायती कारागिरांचा ठोकताळा असा, की पहिल्या पन्नास मिलिमीटरपर्यंत दर मिलिमीटरला एक दिवस वाळायला द्यावा. दोन इंचांच्या कोब्याला जवळजवळ दोन महिने. आपल्याकडे गृहप्रवेशाचा मुहूर्त त्याआधीच निघालेला असतो.

एवढं सगळं नीट पार पडलं की लेव्हलिंगचा दिवस येतो, आणि तो बघण्यासारखा असतो. प्रायमर आधी लावून झालेला असतो. तो लावताना दुधासारखा दिसतो आणि वाळला की पारदर्शक होतो. त्याचं काम दोन प्रकारचं. कोरडी फरशी वरच्या मिश्रणातलं पाणी शोषणार नाही, आणि तिच्या छिद्रांतली हवा बुडबुडे होऊन वर येणार नाही. दाराशी फोमच्या पट्ट्या लावून बांध घातलेला असतो. बाल्कनीतल्या नहाणीची जाळी कापड कोंबून आणि टेप मारून बंद केलेली असते, कारण हे पातळ सिमेंट एकदा पाइपात गेलं की पाइप कायमचा गेला. एक जण बादलीत मोजून पाणी घेतो, वरून पावडर सोडतो आणि ड्रिलला लावलेल्या पंख्याने घुसळतो. दोन-तीन मिनिटांत धिरड्याच्या पिठासारखं करडं मिश्रण तयार. दुसरा ते पट्ट्यापट्ट्यांनी ओतत मागे सरकतो. तिसरा तळाला खिळे लावलेले बूट घालून त्या ओल्या थरातच उभा राहतो आणि काटेरी रोलर फिरवतो. काट्यांमागे बारीक बुडबुडे फुटत जातात. पेन्सिलीने लिहिलेले तीन, पाच, सात एकेक करून बुडतात. कुणी फारसं बोलत नाही, कारण हातात पंधरा-वीस मिनिटंच असतात. तेवढ्या वेळात दुसरी बादली पहिलीला भिडली नाही तर मध्ये कायमची कड राहते.

इथली एकच लबाडी नासधूस करते : पाणी जास्त घालणं. मिश्रण पातळ केलं की भराभर पसरतं, कष्ट वाचतात, आणि ओलं असताना फरकही दिसत नाही. वाळल्यावर मात्र वरचा पापुद्रा खडूसारखा राहतो. दुसऱ्या दिवशी किल्लीच्या टोकाने ओरखडा काढून बघावा. पांढरी पूड निघाली तर त्यावर चिकटवलेलं विनाइल पुढेमागे पुडीसकट उचलून येणार.

मालाचा हिशेब घरमालकालाही करता येतो. एक मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे साधारण दीड ते पावणेदोन किलो पावडर लागते. तीनशे स्क्वेअर फुटांचा, म्हणजे २८ चौरस मीटरचा हॉल, सरासरी चार मिलिमीटरची भर, म्हणजे १८० किलोच्या आसपास : २५ किलोच्या सात-आठ गोण्या. कंत्राटदाराने अशा हॉलला दोन गोण्या आणल्या, तर बाकीचा खड्डा तो कशाने भरणार आहे, हे विचारायला हवं.

यानंतरचं काम तुलनेने सोपं, आणि लोकांना तेच मुख्य काम वाटतं. प्लँकची खोकी दोन दिवस त्याच खोलीत आडवी ठेवायची, म्हणजे माल खोलीच्या तापमानाला येतो. भिंती सहसा गुण्यात नसतात, म्हणून सुरुवात भिंतीपासून न करता मधल्या दोरीपासून करायची. नाहीतर समोरच्या भिंतीशी बोटभर रुंदीची चिंधी जोडावी लागते. सांधे एका ओळीत येऊ द्यायचे नाहीत. गोंद दातेरी पट्टीने पसरून त्याचा चिकटपणा जमेपर्यंत थांबायचं आणि वरून जड रोलर फिरवायचा. परदेशात हा रोलर ४५ ते ६८ किलोंचा असतो, आपल्याकडे बऱ्याचदा हातांनीच दाबून भागवतात. एसपीसीला भिंतीकडेने पाच ते आठ मिलिमीटरची मोकळी जागा लागते, कारण तो उन्हाळ्यात वाढतो. नागपूरच्या मे महिन्यात, काचेच्या मोठ्या खिडकीपाशी ही जागा ठेवली नसेल, तर प्लँक मधोमध तंबूसारखे उभे राहतात.

पुढच्या वापराबद्दल एवढं पुरे : रबरी तळ असलेलं पायपुसणं विनाइलवर ठेवू नये, रबरातली रसायनं पिवळे-तपकिरी डाग पाडतात आणि ते पुसून जात नाहीत. लोखंडी कपाटाच्या पायांखाली प्लायवुडचे तुकडे ठेवावेत. गरम तवा-कुकर खाली टेकवायची सवय मोडावी.

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात शेवटी काय झालं, तेही सांगण्यासारखं आहे. नमुन्यांच्या पुस्तकात काकूंना सगळ्यात जास्त आवडला तो मोझॅकचा छाप : पांढरट जमिनीवर तपकिरी-हिरवे खडे. ही नक्षी सध्या पुन्हा फॅशनमध्ये आहे. मिस्त्रीने पुस्तक त्यांच्या हातातून घेऊन जमिनीवर ठेवलं आणि ओल्या फडक्याने शेजारची लादी पुसली. छापातले खडे सगळे एका मापाचे होते. लादीतले वेगवेगळे होते, खरे संगमरवराचे होते आणि हॉलमध्ये पट्टीखाली फटही फारशी नव्हती. "हॉलला नुसती घासाई करून पॉलिश मारा," तो म्हणाला, "विनाइल आतल्या दोन खोल्यांना करू." त्याचं त्यात नुकसान होतं. लेव्हलिंगचा थर एकदा ओतला की खालची मोझॅक कायमची गेली, हे तो बोलला नाही. पण काकांना ते समजलं.

असे मिस्त्री आहेत, पण त्यांना शोधायला लागतं, कारण बाजार त्यांच्या कौशल्याचे पैसे देत नाही. भाव विनाइलचा ठरतो. लेव्हलिंग 'एक्स्ट्रा' म्हणून शेवटच्या ओळीत येतं, आणि घासाघीस सुरू झाली की पहिली कात्री त्याच ओळीला लागते. घरमालकाला वाटतं पैसे वाचले, कंत्राटदाराला वाटतं काम मिळालं. दोघांचंही तेवढ्यापुरतं खरं असतं.

तेव्हा घरात विनाइल घालायचं ठरत असेल, तर दुकानात जाण्याआधी एक दिवस घरातच काढा. पट्टी आणि टॉर्च घेऊन खोली तपासा, रात्री प्लास्टिक चिकटवून ठेवा, लाद्या ठोकून बघा. मग कोटेशन मागताना घासाई, सुटलेल्या लाद्या, प्रायमर, लेव्हलिंगच्या गोण्या आणि अंथरणं या पाच गोष्टी पाच वेगळ्या ओळींत लिहून घ्या, आणि प्रत्येक ओळीपुढे ते काम कोण करणार हेही लिहून घ्या. जो हे लिहून द्यायला तयार नाही, त्याचा भाव कितीही कमी असला तरी त्याला काम देऊ नका.